सुळ्यापलीकडचा दात

आमच्या व्याह्यांइतका तोंड मिटून हसणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच गावचा असणार. हे आज मी छातीठोकपणे सांगते आहे, पण मुलीच्या लग्नानंतरची सात वर्षं मी बरोब्बर याच्या उलट सांगत होते. या माणसाला हसू म्हणून येतच नाही, असं माझं ठाम मत होतं. मत कसलं, नोंदच होती. मला वह्या ठेवायची सवय आहे. किराण्याची वेगळी, औषधांची वेगळी, कोणाकडे काय नेलं आणि कोणी काय आणलं याची वेगळी. एका शाळेच्या कार्यालयात पंचवीस वर्षं आवक-जावक सांभाळल्यावर माणूस दुसरं काय होणार? मुलीला आलेल्या स्थळांचीही वही होती. तिच्यात या स्थळापुढे मी लिहिलं होतं, 'मुलगा चांगला. नोकरी चितेगावला कंपनीत, घर जवळच्या गावात. मोसंबीची बाग. सासू मायाळू. सासरे गंभीर.' आणि या 'गंभीर'च्या पुढे, यादीच्या दिवशी घरी आल्यावर, वेगळ्या शाईनं 'बहुधा नाराज' असं वाढवलं होतं.

त्या दिवसाचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे लग्न ठरलं की यादी करतात. मंडप कोणी घालायचा, जेवण कोणाकडे, आहेर कसा, हे कागदावर उतरवून मोठ्यानं वाचायचं आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सह्या करायच्या. लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. व्याह्यांच्या ओसरीवर चाळीसेक माणसं बसली होती, मी वही उघडून खणखणीत आवाजात वाचत होते. मंडप वरपक्ष, जेवण वधूपक्ष, बॅंड वरपक्ष, रुखवत वधूपक्ष. पान उलटलं आणि त्याच सुरात वाचून गेले, 'हिंगाची डबी, मोठी. गॅसचा नंबर लावणे. यांच्या पायजम्याला नाडी.' पाठीमागच्या पानावर माझी घरची यादी होती! कोणी हसलं नाही. यादी वाचताना हसायचं नसतं. एका म्हाताऱ्या काकांनी तर "नाडी कुणीकडनं? पोरीकडनं का पोराकडनं?" असं गंभीरपणे विचारलंसुद्धा. तेवढ्यात व्याह्यांनी खिशातून दस्ती काढली, त्या रुमालाची चांगली घडी करून तोंडावर धरली, उठले आणि ओसरी उतरून गेले. पंधरा-वीस मिनिटांनी आले ते डोळे लाल करून. सही केली, पण एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना म्हटलं, "संपलं. पोरीच्या सासऱ्यांचा पहिल्याच दिवशी अपमान केला मी." आणि वहीत ते दोन शब्द लिहिले.

तसे ते दिसायलाही धाक वाटावा असेच. सहा फुटांच्या आसपास उंची, पांढरी टोपी, ओठ झाकून खाली उतरलेल्या भरघोस मिशा, आणि उजव्या हातात कायम ती दस्ती. कोणी बोलायला लागलं की ती दस्ती तोंडाशी जायची. दस्ती नसेल तर हात जायचा. हातही कसा, तर चार बोटं जुळवलेली, अंगठा नाकाखाली, आणि मान भिंतीकडे वळलेली. मग खांदे गदगद हलायचे. मला वाटलं, जुनाट खोकला. पाहुणी म्हणून गेले की मी ज्येष्ठमध नेऊ लागले, अडुळशाचा काढा नेऊ लागले. ते मुकाट्यानं प्यायचे. दोन वर्षांनी मुलगी म्हणाली, "आई, आबांना खोकला नाहीये गं. तुला वाईट वाटू नये म्हणून पितात ते." "मग खांदे का हलतात?" "ते तसेच आहेत," ती म्हणाली. सासरच्या माणसांविषयी मुलींना फारसं कुतूहल उरत नाही, माहेरच्या माणसांनाच ते असतं. पुढे माझ्या आणखी एक लक्षात आलं. गप्पा रंगात आल्या की हा माणूस, दुसरा कोणी तंबाखू थुंकायला जावा तसा, उठून गोठ्यामागे जायचा आणि थोड्या वेळानं हलका होऊन परत यायचा. लग्नाचा अल्बम मी एकदा मुद्दाम तपासला. व्याही एकतीस फोटोंत आहेत. पैकी एकोणीस फोटोंत तोंडापुढे दस्ती, आठांत फेट्याचा शेमला, तीनांत पाठ, आणि एकात तोंडाच्या बरोबर पुढे कोणाच्या तरी आहेराचं पाकीट.

या न हसण्याचा भावकीनं मात्र भरपूर उपयोग करून घेतला. पैठण रस्त्यावरच्या पाच-सहा गावांत कोणाच्याही मुलीच्या लग्नाची बैठक असो, आमच्या व्याह्यांना सन्मानानं जीपमध्ये पुढे बसवून नेत. ते बोलत काहीच नसत. भिंतीला टेकून बसायचे, ओठ आवळायचे आणि समोरच्याकडे एकटक पाहत राहायचे. दहा मिनिटांत समोरचा स्वतःहून म्हणायचा, "बरं, घोड्याचं ऱ्हाऊ द्या." आणखी दहा मिनिटांनी, "बॅंडचं बी बघू." एकदा खुलताबादकडे नवऱ्या मुलाचा मामा अंगठीसाठी अडून बसला होता. व्याह्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मामा बोलता बोलता अडखळला, मग थांबला, मग "जाऊ द्या, आमाला पोरगी महत्त्वाची" म्हणून मोकळा झाला. भावकीत त्या नजरेची कीर्ती अजून सांगतात. खरी गोष्ट अशी, की मामाच्या मिशीला चिवड्यातलं खोबरं अडकलं होतं, ते प्रत्येक शब्दाला वरखाली होत होतं, आणि आमचे व्याही ओठ आवळून कसाबसा जीव सांभाळत बसले होते. पण हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते आमच्या नातीमुळे. तनू आमच्या दोघांची मिळून एकच नात. पहिलीत गेली त्या वर्षी तिच्या वर्गाचा फोटो आला. तीस-पस्तीस पोरं बत्तीशी काढून हसतायत आणि दुसऱ्या रांगेत आमची तनू, तोंडावर हात. तिची शाळा शहरात, आमच्या बाजूला; त्या दिवशी तिला आणायला मी गेले होते. बाईंनी मला बाजूला घेतलं. "आजी, तनूला दातांचा काही त्रास आहे का?" मी म्हटलं, "छे! कोवळ्या कणसासारखे दात आहेत." बाई म्हणाल्या, "मग हसताना तोंड का झाकते? आणि वर्गात काही गंमत झाली की ती हात वर करून विचारते, बाई, हसायला बाहेर जाऊ?" मला आधी हसूच आलं. पण बाई हसत नव्हत्या. "आता तर ती विचारतही नाही. कविता म्हणायला उभी राहत नाही. पोरं चिडवतात, हिचे दात किडलेत म्हणून. म्हणून ती अजून झाकते." रिक्षात मी तनूला विचारलं, "सोन्या, तू हात का गं लावतेस?" ती म्हणाली, "हसताना लावायचा असतो." जेवताना हात धुवायचे असतात, त्याच सुरात. आणि तिनं तो लावून दाखवला. चार बोटं जुळवलेली, अंगठा नाकाखाली, मान भिंतीकडे. रिक्षात भिंत नव्हती, म्हणून पडद्याकडे.

रविवारी मी फोटो घेऊन गावी गेले. मुलगी आणि तिच्या सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, जावई बागेत. ओसरीवर व्याह्यांच्या पुढ्यात फोटो ठेवला आणि बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. व्याह्यांनी चष्मा लावला. फोटो उजेडाकडे धरला. मी म्हटलं, "ही बघा, दुसऱ्या रांगेत. तनू."

"पोरगी तनू हाय," ते म्हणाले. "हात माझा हाय, ईनबाई."

आणि त्यांनी दस्ती खाली ठेवली, मिशा दोन बोटांनी बाजूला केल्या आणि सात वर्षांत पहिल्यांदा मला दात दाखवले. चहाच्या जुन्या कपाला आतून पडतात तशा तपकिरी आडव्या रेघा, मधेच खडूसारखे पांढरे ठिपके. दात धड होते, मजबूत होते, एकही पडलेला नव्हता. पण रंग तो असा.

"बहात्तरच्या दुष्काळात मी तनूएवढा," ते सांगू लागले. "हिरी खडखडीत. गावाच्या वरल्या अंगाला बोअर पाडलं. पाणी लागलं तवा माझी माय रडली. आमी समदी लेकरं त्याच पाण्यावर वाढलो. दुधाचे दात पडून नवे आले ते असे. पुढं म्हनले, पाण्यात फ्लोराइड लई हाय. आमच्या वारगीचा, आमच्या वयाचा माणूस तुमाला कुठंबी भेटू द्या, तोंड उघडलं की गाव कळतं." मग म्हणाले, "पर त्या पाण्याला नाव नाय ठेवायचं. जगवलं त्यानं." गावात असेपर्यंत सगळ्यांचेच दात तसे, कोणाला काही वाटत नसे. सोळाव्या वर्षी कॉलेजात नाव घालायला ते शहरात आले, अर्जाला लावायचा फोटो काढायला गेले. फोटोवाला म्हणाला, "ए, तोंड मीट. फोटो खराब होतो." त्या दिवशी जो हात तोंडावर गेला तो आजतागायत. "मला वाटलं माझ्यासंगं जाईल ते," व्याही फोटोकडे बघत म्हणाले. "पोरीच्या वाट्याला कशाला जावं?"

खरं म्हणजे अशा वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण सात वर्षं मनात ठेवलेलं विचारल्याशिवाय राहवेना. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही आमच्यावर नाराज नव्हता?"

"नाराज? कशापायी?"

"यादीच्या दिवशी उठून गेलात ते."

व्याह्यांचा हात झपकन तोंडावर गेला. खांदे हलू लागले. "हिंगाची डबी!" ते बोटांमधून कसेबसे म्हणाले. "मोठी! ईनबाई, गोठ्यामागं जाऊन इतका हसलो, इतका हसलो, की म्हैस दावं तोडून पळाली. तिला धरून आणाया वीस मिंटं गेली. डोळे लाल नाय व्हायचे तर काय? आजबी मोसंबीला पाणी देताना ती नाडी आठवली की मोटार बंद करावी लागती." खुलताबादच्या मामाच्या मिशीतलं खोबरंही त्याच बैठकीत बाहेर पडलं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! सात वर्षं मी या घरात पाऊल टाकताना शब्द मोजून बोलले, जास्तीचे पेढे आणले, आणि हा माणूस माझ्या हिंगाच्या डबीवर दिवस काढत होता.

पण तनूचं काय, हा प्रश्न होताच. व्याहीच म्हणाले, "म्या हात काढल्याबिगर ती काढायची नाय. आणि दात असे असंपर्यंत माझा निघायचा नाय. शेरात कोण डाक्टर चांगला?" दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. चार ठिकाणी चौकशी केली आणि शहराच्या छावणी भागातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाई नक्की केल्या. बाई जन्मापासून छावणीतल्याच, मराठीत सुरुवात करायच्या आणि दखनीत संपवायच्या. व्याही खुर्चीवर आडवे झाले, डोक्यावरचा दिवा लागला, आणि त्यांचा हात तोंडावर. बाईंनी तो उचलून बाजूला ठेवला. पुन्हा तोंडावर. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "चाचा, मेरेकू दात देखने दो. हात का इलाज मैं नहीं करती." तेव्हा हे वाक्य मी थट्टेवारी नेलं. नंतर पटलं, की त्या दवाखान्यातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

बाईंनी दात तपासले, साफ केले आणि व्हेनियर म्हणजे काय ते समजावलं. दाताचा पुढचा थर अगदी केसभर घासायचा, माप घ्यायचं, आणि लसणीच्या सालीहून थोडी जाड अशी चिनी मातीची पाकळी तयार करून दातावर चिकटवायची. "म्हंजी सनमायका," व्याही म्हणाले. "हां चाचा, सनमायकाच. पण एकदा घासलं की जुना दात परत मिळणार नाही. सोच के बोलो." मग मी पर्समधून प्रश्नांचा कागद काढला. प्रश्न एकोणीस होते. बाईंनी कागदाकडे आणि मग व्याह्यांकडे सहानुभूतीनं पाहिलं. सुपारी? फोडायची नाही. भाकरी? खुशाल. हुरडा? चालेल. ऊस? "दातानं सोलायचा नाही. तुकडे करून चघळा." इथे व्याही पहिल्यांदा उठून बसले. जन्मभर कांडं दातानं सोललेला माणूस! मला वाटलं, आता हे उठून चालायला लागतात. त्यांनी छताकडे पाहिलं, खिशात ठेवलेल्या तनूच्या फोटोला बाहेरूनच हात लावला आणि पुन्हा आडवे झाले. "ऊस तनूच्या आजीनं सोलून द्यावा," म्हणाले. कुठल्या आजीनं ते सांगितलं नाही, पण मी माझ्या कागदावर लिहून घेतलं.

रंग ठरवायला अर्धा तास गेला. बाईंकडे एका पट्टीवर पांढऱ्याच्या सोळा छटांचे दात ओळीनं बसवलेले होते. मी लगेच सगळ्यात शुभ्र दाखवला. एकदा करायचं तर नीट करावं! व्याही म्हणाले, "नको. मिशा पांढऱ्या, टोपी पांढरी, दात बी पांढरे. माणूस कुठं हाय म्हनून लोक हुडकतील." ते पट्टी घेऊन खिडकीशी गेले, उन्हात एकेक दात धरून पाहिला, जसं बी निवडतात तसं. शेवटी एकावर बोट ठेवलं. "ह्यो. शाळूच्या दाण्यावानी." मग बाईंनी हसताना दिसणारे वरचे दात मोजले. आठ. व्याही म्हणाले, "सात करा."

"चाचा, आठवा दिसेल. असा तपकिरी दिसेल. अच्छा नहीं लगेगा."

"कोणता ऱ्हाईल?"

"हा. उजवीकडचा, सुळ्याच्या पलीकडचा."

व्याह्यांनी मिशी वर करून आरशात पाहिलं. बारीक हसून पाहिलं, मोठं हसून पाहिलं. "साधं हसलं तर नाय दिसत," ते म्हणाले. "लई मनापासून हसलं तरच दिसतो. तेवढा ऱ्हाऊ द्या. त्या पाण्याची खूण हाय ती." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कागदावर याबद्दल प्रश्न नव्हता. बाई म्हणाल्या, "ठीक है, सात."

गावात ही बातमी फुटली तेव्हा भावकीचं शिष्टमंडळ आलं. पुतण्या सगळ्यांच्या वतीनं हात जोडून म्हणाला, "काका, दात बशिवता तर बशिवा, आमची ना नाय. पर बैठकीत दाखवू नका. तुमी हसले की समोरचा घोडा बी मागंल आन् बॅंड बी." व्याह्यांनी ओठ आवळून त्याच्याकडे एकटक पाहिलं. पुतण्या दहा मिनिटांत "ऱ्हायलं" म्हणून उठला. मग दस्ती तोंडावर धरून व्याही गोठ्यामागे गेले.

तीन खेपांत काम झालं. शेवटच्या दिवशी मी दवाखान्याबाहेर उभी होते. ते बाहेर आले ते तोंड मिटूनच. मी म्हटलं, "दाखवा." त्यांनी छावणीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं, कडेला लावलेल्या एका स्कूटरच्या आरशात वाकून तोंड उघडलं आणि पाहत राहिले. दात खरोखर सुरेख दिसत होते, शाळूच्या दाण्यांसारखेच. मग ते आरशातल्या माणसालाच म्हणाले, "सोळाव्या वर्षी भेटला असता तर बरं झालं असतं." मी दुसरीकडे पाहिलं. परत पाहिलं तेव्हा हात तोंडावर होता.

आणि तो तिथेच राहिला. दात तीन खेपांत बदलले, पण चाळीस वर्षांचा हात कोणत्या खुर्चीवर बदलणार? गंमत झाली की तो वर. मी उजव्या हातात चहाचा कप द्यायची, ते डाव्यानं झाकायचे. डाव्यात पिशवी द्यायची, ते भिंतीकडे वळायचे. दस्त्या लपवल्या, तर टोपी काढून तोंडापुढे धरली. "कळतंय हो ईनबाई," ते ओशाळून म्हणायचे, "पर हाताला कोण सांगंल?" आणि ओसरीच्या त्या टोकाला तनू, आजोबांचा हात वर गेला की तिचाही वर. मला रागही येत नव्हता, नुसती धास्ती वाटत होती. दात घासून झाले, ऊस सुटला, आणि पोरगी होती तिथेच.

त्यात तिचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले. आता तर तिला झाकायला खरंच काहीतरी मिळालं! जेवताना हात, बोलताना हात, फोनवर माझ्याशी बोलतानासुद्धा हात; मुलगी म्हणाली, "आई, ती घासही पाठ करून खाते." मी त्याच शनिवारी गेले. तनूनं दुसरा दात कागदात गुंडाळून ठेवला होता. पडलेला दात छपरावर टाकला की नवा सरळ येतो, असं त्यांच्याकडेही आहे, आमच्याकडेही आहे. सगळ्यात सोयीचं छप्पर गोठ्याचं, पत्र्याचं. व्याह्यांनी तनूला खांद्यावर घेतलं, पडू नये म्हणून दोन्ही हातांनी तिचे पाय घट्ट धरले. तनूनं एका हातानं त्यांची टोपी धरली आणि दुसऱ्यानं दात फेकला. तो टणटण करत उतारावरून खाली आला आणि माझ्या पायाशी पडला. मी उचलून दिला. तिनं पुन्हा फेकला. पुन्हा टणटण, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी तो घरंगळत येऊन म्हशीच्या पाण्याच्या टाक्यात बुडाला. म्हशीनं मान वळवून तिघांकडे पाहिलं. मी बाही वर करून दात काढला, आणि मला काय सुचलं कोण जाणे, वही उघडावी तसे दोन्ही तळवे उघडून यादीच्या खणखणीत आवाजात वाचलं:

"दात, एक. वधूपक्षाकडून परत. वरपक्षानं ठेवून घ्यावा. हिंगाची डबी, मोठी. म्हशीला नवं दावं. नाडी..."

पुढे वाचायची गरज पडली नाही. व्याह्यांचे दोन्ही हात पोरीच्या पायांत अडकलेले, दस्ती खिशात, भिंत चार पावलं दूर. हसू आलं आणि ते ठेवायला जागाच नव्हती. मिशा वर उचलल्या गेल्या, तोंड उघडलं, आणि तो आवाज बाहेर पडला. एवढा मोठा आवाज त्या माणसात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कोंबड्या पळाल्या, म्हैस दावणीला ओढ देऊन उभी राहिली, स्वयंपाकघरातून मुलगी आणि तिच्या सासूबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. तनू खांद्यावर गदगदा हलत होती. तिनं टोपी सोडली, त्यांच्या कपाळाला धरून खाली वाकली आणि उलटी होऊन आजोबांच्या उघड्या तोंडात पाहिलं.

"आबा! तुमचा एक दात तसाच राहिलाय!"

"ऱ्हाऊ दे," व्याही श्वास घेत म्हणाले. "तो पाण्याचा हाय."

"डॉक्टर विसरल्या?"

"नाय गं. म्याच ठेवलाय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

तनूनं थोडा विचार केला. "मग माझं भोक पण राहू दे," म्हणाली, आणि हसली. उलटी, मोकळी, दोन दातांच्या जागी अंधार, आणि दोन्ही हात आजोबांच्या कपाळावर.

तो हात पुन्हा वर गेलाच नाही असं म्हटलं तर ती खोटी नोंद होईल. परक्या माणसांत व्याह्यांचा अजून जातो, बैठकीत तर ते मुद्दाम नेतात. तनूचा मात्र गेला तो गेलाच. नवे दात आले, सरळ आले, आणि आता बाईंची तक्रार आहे की ती वर्गात फार हसते. मी ती तक्रार आनंदानं लिहून घेतली. गावात हल्ली नळाचं पाणी आहे. वरच्या अंगाचं ते बोअर बंद झालंय, हापशाचा दांडा गंजून गेलाय. आताच्या पोरांचे दात पांढरेफेक, कुठल्याही गावच्या पोरांसारखे. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी तोंड उघडल्यावर गाव कळेल असा माणूस तिथे उरणार नाही. चांगलंच आहे ते. तरी मधूनच मला चुटपुट लागते, की एवढी वर्षं इतकं सुंदर हसणं फक्त एका म्हशीनं पाहिलं.

मी अजून गेले की ऊस सोलून नेते, तुकडे करून, डब्यात घालून. व्याही हसतात तेव्हा माझं लक्ष नकळत उजवीकडे जातं. बहुतेक वेळा सातच दिसतात. स्थळांची वही परवा माळ्यावर टाकायला काढली, तेव्हा ते पान उघडलं. 'बहुधा नाराज' यावर एक रेघ मारली, तारीख घातली आणि शेजारी लिहिलं, 'आठवा पाहिला.'